कोलकात्याची संध्याकाळ पाचलाच सुरू होते

जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. कोलकात्यात त्याच दिवशी पाच वाजून गेले की दिवेलागण होते. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण कोलकाता आपल्यापेक्षा इतकं पूर्वेला आहे की सूर्य तिथे तासभर आधी येतो आणि तासभर आधीच जातो. दुपारी जेवून, जरा आडवं होऊन बाहेर पडावं तर अंधार पडायच्या बेतात असतो. बरेच पर्यटक याबद्दल कुरकुर करतात. आम्हाला मात्र हे शहर संध्याकाळचंच बघायचं होतं. सकाळी निवांत, दुपारी आराम आणि चारपासून साडेआठ-नऊपर्यंत भटकंती, असा बेत केला आणि तेवढ्या वेळेसाठी फक्त आमच्यापुरता एक गाइड ठरवला.

खासगी गाइड ठरवण्यामागे मुख्य कारण सासूबाई. सत्तरी ओलांडलेली, उत्साह दांडगा, पण गुडघे दुखणारे. वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपबरोबर त्यांची फरफट झाली असती. आमच्यापुरता माणूस असला की बसावंसं वाटलं तिथे बसता येतं आणि एखादी गोष्ट पुन्हा विचारता येते. कंटाळा आला तर अर्ध्यातून रस्ताही बदलता येतो. पैसे जास्त पडतात हे खरं. पण ज्या शहराची भाषा आपल्याला येत नाही, त्या शहरात हाच खर्च सगळ्यात आधी करावा असं माझं मत आहे. हॉटेल एक पायरी खालचं घेतलं तरी चालेल.

आमचे गाइड उत्तर कोलकात्यात जन्मलेले, साठीच्या आसपासचे, बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवलेले गृहस्थ. पहिल्याच भेटीत सासूबाई त्यांच्या 'माशीमा' म्हणजे मावशी झाल्या, मी 'बौदी' म्हणजे वहिनी आणि नवरा 'दादा'. आम्हीही त्यांना दादाच म्हणायला लागलो. बोलणं हिंदीत, मध्येच बंगालीत, आणि सासूबाईंशी त्यांच्या मुंबईच्या हिंदीत.

पहिली संध्याकाळ : व्हिक्टोरिया, मैदान, प्रिन्सेप घाट

दादा पिवळी अँबॅसॅडर टॅक्सी घेऊन आले. या गाड्या आता झपाट्याने कमी होत चालल्यात. हुगळीकाठच्या कारखान्यातलं अँबॅसॅडरचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं आणि पंधरा वर्षं झालेली टॅक्सी रस्त्यावरून काढावी लागते. मागची सीट सोफ्यासारखी ऐसपैस. सासूबाई बसल्या आणि म्हणाल्या, "या गाडीतून उतरायलाच नको."

व्हिक्टोरिया मेमोरियलला चारलाच पोचलो, कारण आतली बाग अंधार पडल्यावर बंद होते. हा पांढरा संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा, म्हणजे ताजमहालाला वापरला त्याच खाणींच्या गावचा. दादांनी सनावळी सांगायच्या आधी आम्हाला तळ्याच्या काठी बसवलं. उन्हाचा रंग बदलत होता. आधी पिवळसर, मग गुलाबी, मग राखाडी. त्या वीस मिनिटांत ते एक शब्द बोलले नाहीत. मला हा माणूस तिथेच आवडला.

मग त्यांनी सुरुवात केली. पायाभरणी १९०६ साली झाली, तेव्हा कोलकाता हिंदुस्थानची राजधानी होतं. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलवायची घोषणा झाली. इमारत खुली झाली १९२१ मध्ये. ज्या राजधानीसाठी एवढा घाट घातला, ती राजधानी तोवर इथे उरलीच नव्हती. वास्तुकाराचं नाव विल्यम इमर्सन. हे नाव ऐकल्यावर नवरा म्हणाला, "क्रॉफर्ड मार्केटवाला?" तोच. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट त्याच्या तरुणपणीचं, १८६९ सालचं काम. सासूबाईंनी क्रॉफर्ड मार्केटमधून आयुष्यभर लग्नाकार्याची खरेदी केलेली. त्यांनी घुमटाकडे नव्या नजरेनं पाहिलं. घुमटावर काशाची विजयदेवता आहे, हातात तुतारी घेतलेली. जोराचा वारा असला की ती स्वतःभोवती फिरावी अशी तिची बसवणी आहे. त्या संध्याकाळी वारा नव्हता.

बाहेर रस्त्याच्या कडेला फुचकावाले ओळीनं उभे असतात. आपल्या पाणीपुरीची ही बहीण असली तरी स्वभाव वेगळा. आत रगडा नसतो. उकडलेला बटाटा, भिजवलेले काळे चणे, हिरवी मिरची आणि भाजलेला मसाला फुचकावाला तुमच्यासमोर हातानं कुस्करतो, आणि पाणी पुदिन्याचं नव्हे तर चिंचेचं. शालपानाचा द्रोण हातात देतात, त्यात एकेक पुरी पडत जाते. तिखट किती, हे आधीच सांगायचं. शेवटी एक फुकटची मिळते, तिला 'फाऊ' म्हणतात आणि ती मागून घ्यायची असते. दादांनी सासूबाईंना ते शिकवलं. त्यांनी "भैया, फाऊ?" असं विचारल्यावर फुचकावाला इतका खूश झाला की त्यानं दोन दिल्या.

मैदानातून टॅक्सी नदीकडे निघाली. एका बाजूला सेंट पॉल्स कॅथेड्रल दिव्यांत उजळलेलं. त्याचा उंच मनोरा १९३४ च्या बिहारच्या भूकंपात पडला, आताचा नंतर बांधलेला आहे. मैदान अंधारात बुडालेलं, फक्त फुटबॉल क्लबांच्या तंबूंपाशी दिवे.

प्रिन्सेप घाट मला या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा भाग वाटला. पांढऱ्या खांबांचा एक भारदस्त मंडप, वर विद्यासागर सेतूच्या तारा आणि त्यांवर दिवे. मंडप जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ उभारलेला. हा माणूस कोलकात्याच्या टांकसाळीत नाण्यांची पारख करायचा, आणि त्यानंच १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली. अशोकाचे शिलालेख, ज्यांच्याकडे लोक कित्येक शतकं नुसतं बघत होते, ते वाचता आले. चाळिशीतच, १८४० साली तो वारला. आपण कार्ल्याच्या लेण्यात जातो, खांबांवर कोरलेली अक्षरं बघतो, कुठल्या गावच्या कुणी दान दिलं हे फलकावर वाचतो, ते या माणसामुळे. मी कार्ल्याला अनेकदा गेले आहे. त्या वाचनामागे हुगळीकाठच्या एका टांकसाळीतला नोकरदार आहे, हे कधी मनातही आलं नव्हतं.

घाट म्हणायचं, पण मंडपाच्या पायऱ्यांना आता पाणी लागत नाही. नदी मागे सरली, भराव पडला, मधून रेल्वेचा रूळ आणि रस्ता गेला. पाण्यापाशी जायला रूळ ओलांडावा लागतो. पलीकडे नावाडी कंदील लावून गिऱ्हाइकांची वाट बघत असतात. सासूबाईंना नावेत चढता आलं नसतं, म्हणून आम्ही काठावरच बसून मातीच्या कुल्हडातला चहा प्यायलो. दादा म्हणाले, "माशीमा, नदी परवा करायचीच आहे. तेव्हा लाँचमधून, खुर्चीवर बसून." त्यांनी हे आधीच आखून ठेवलेलं होतं.

दुसरी संध्याकाळ : बागबाजार ते कॉलेज स्ट्रीट

आज उत्तर कोलकाता, दादांचं स्वतःचं. आज गाडी फक्त सोडायला. बागबाजारात उतरल्यावर त्यांनी आम्हाला एका साध्या गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. दोन्ही बाजूंना जुनी घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, एका ओट्यावर कॅरम चाललेला. मग नावाच्या पाटीकडे बोट दाखवलं. मराठा डिच लेन.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आली. कोलकात्यातल्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, खर्च रहिवाशांनी स्वतः उचलला. सात मैलांचा बेत होता, तीन मैल खणून झाला आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. आज त्या रस्त्यावरून बसगाड्या जातात. नाव उरलं ते या गल्लीला.

खंदकाची गोष्ट गमतीची म्हणून सांगता येते, पण दादा तिथे थांबले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कोलकाता वाचलं, बाकी बंगाल नाही वाचला. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच काळात या स्वाऱ्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. पोथ्यांचे भारे घेऊन पळणारे ब्राह्मण, तराजू घेऊन पळणारे सोनार, ओस पडलेली गावं. बंगाली आया आजही बाळाला झोपवताना जे म्हणतात, त्यात बर्गी देशात आले, धान्य पाखरांनी खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, अशी चिंता आहे. हे बर्गी म्हणजे आपले स्वार. दादांच्या आजीनं त्यांना हेच म्हणून झोपवलं होतं. बंगालचा नवाब अलीवर्दीखान यानं १७४४ मध्ये बोलणीच्या निमित्तानं भास्कररामांना बोलावून दग्यानं मारलं, आणि शेवटी १७५१ साली तह झाला. ओडिशा भोसल्यांकडे गेला, शिवाय वर्षाला बारा लाखांची चौथ.

सासूबाई सगळं ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "आम्हाला शाळेत भास्कररामाचा खून शिकवला. गावांचं नाही शिकवलं." मला वाटतं, हे दोन्ही एका दमात सांगितलं पाहिजे. आपल्या फौजा अटकेपार गेल्या याचा अभिमान बाळगायचा असेल, तर बंगालमधल्या त्या शेतकऱ्याचं धान्यही त्याच हिशेबात धरायला हवं.

दादा मात्र आम्हाला अवघडून ठेवायला तयार नव्हते. चालता चालता त्यांनी दुसरं टोक सांगितलं. कोकणातून आताच्या झारखंडातल्या देवघरकडे गेलेल्या एका मराठी घराण्यातला सखाराम गणेश देउस्कर कोलकात्यात बंगाली पत्रकार झाला. त्याच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तिकेसाठी १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी महाराजांवर कविता लिहिली. १९०६ साली लोकमान्य टिळक इथल्या शिवाजी उत्सवाला आले. ज्या शहरानं मराठ्यांच्या भीतीनं खंदक खणला, त्याच शहरात दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी महाराजांचा उत्सव मांडला गेला.

बागबाजार रसगुल्ल्याचं गाव. नवीनचंद्र दास यांनी १८६८ च्या सुमारास स्पंजसारखा रसगुल्ला इथेच घडवला, असं बंगाल मानतो. पण जानेवारीत रसगुल्ला मागवणं म्हणजे हंगाम वाया घालवणं, असं दादांचं ठाम म्हणणं. थंडीत शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्रभर रस गोळा करतात, पहाटे आटवतात आणि त्याचा नोलेन गूळ होतो. झाडाचा रस थंडीतच गोड उतरतो, म्हणून वर्षातले दोन-तीन महिनेच काय तो मिळतो. या गुळाचा संदेश दादांनी एका छोट्या दुकानात खिलवला. बाहेरून कोरडा, फिकट तपकिरी, शंखाच्या आकाराचा. चावला की आत पातळ गूळ. धुरकट वास असलेली गोडी, घशाशी रेंगाळणारी. सासूबाईंनी डोळे मिटून खाल्ला आणि घरच्यांसाठी डबा बांधून घेतला.

तिथून कुमारटुलीत पोचलो तेव्हा अंधार पडलेला. मूर्तिकारांची ही वस्ती दुर्गापूजेच्या आधी पाय ठेवायला जागा नाही इतकी गजबजते. आता सरस्वतीपूजा तोंडावर होती. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना कारखाने, प्रत्येकात एक-दोन पिवळे बल्ब, आणि त्या उजेडात वेगवेगळ्या अवस्थेतल्या सरस्वती. काही नुसत्या भाताच्या पेंढ्याच्या, सुतळीनं करकचून बांधलेल्या, डोकं नसलेल्या. काहींवर मातीचा पहिला थर. काही पांढऱ्या रंगवलेल्या, पण डोळे कोरे.

एका कारखान्यात आम्ही बराच वेळ थांबलो. आपल्याकडे पेणची गणेशमूर्ती साच्यातून निघते. इथे बांबूच्या चौकटीवर पेंढा बांधून सांगाडा करतात आणि त्यावर माती चढवतात. आधी चिकण माती, तडे जाऊ नयेत म्हणून वरून गाळलेली मऊ माती. चेहरा साच्यात वेगळा काढतात आणि नंतर मानेला जोडतात. बोटंही वेगळी. एक विशीतला मुलगा पाटावर मातीच्या वळ्या घेऊन बोटं करत बसलेला. वळी तळव्यावर फिरवायची, टोक जरा निमुळतं करायचं, नखानं पेर दाखवायचं, मग अंगठ्यानं किंचित वाक द्यायचा. वीणेच्या तारेवरचं बोट आणि पोथी धरलेलं बोट, दोघांचा वाक वेगळा. त्यानं आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. शेजारच्या ताटात ओल्या फडक्याखाली तयार बोटं मांडलेली होती. सासूबाईंनी विचारलं, भाजत नाहीत का? दादा म्हणाले, नाही. कच्चीच. पूजा झाली की नदीत जायची आहे, नदीच्या मातीची मूर्ती नदीत विरघळायला हवी. डोळे सगळ्यात शेवटी काढतात, आणि ते काम घरातल्या जाणत्या कारागिराचं.

कोलकात्याच्या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा सगळ्या शहरानं आनंद केला. पण गल्लीतल्या त्या पन्नास वॅटच्या उजेडात बसलेल्या मुलाला दिवसाकाठी काय मिळतं, हे विचारायला हवं, असं दादा म्हणाले. त्यांच्या माहितीतल्या बऱ्याच घरांतली पुढची पिढी या कामात राहिलेली नाही.

कुमारटुलीतून सायकलरिक्षानं हातीबागान, आणि तिथून ट्राम. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ साली सुरू झाली, विजेची १९०२ साली. आता ती मोजक्याच मार्गांवर उरली आहे आणि तिच्या भवितव्यावर वाद चालू आहे. मुंबईची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद पडली. सासूबाई तेव्हा परळला राहणाऱ्या शाळकरी मुलगी. लाकडी बाकावर बसल्या बसल्या त्यांना आठवायला लागलं. वडिलांबरोबर दादरच्या ट्राम टर्मिनसवर जाणं, ड्रायव्हरची पायानं वाजवायची घंटा, शेवटच्या रात्री ट्राम बघायला उसळलेली गर्दी. इथली घंटा वाजली की त्या हसायच्या. ट्राम इतकी सावकाश चालते की बाजूचा सायकलवाला पुढे निघून जातो, आणि म्हणूनच दुकानांच्या आतलं सगळं दिसतं. साड्यांची दुकानं, शिंप्याचं मशीन, बेथ्यून कॉलेजची कमान. मुलींसाठीची बेथ्यून शाळा १८४९ ची. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंची भिडेवाड्यातली शाळा त्याच्या आदल्या वर्षीची. हे मी दादांना सांगितलं, त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

कॉलेज स्ट्रीटला उतरलो तेव्हा साडेसात वाजून गेलेले. फुटपाथवर लाकडी खोक्यांची पुस्तकांची दुकानं, काही आवरती. कॉफी हाउसचा जिना सासूबाई कठड्याला धरून सावकाश चढल्या. वर आलं की एकदम उंच छताचा दिवाणखाना, वर फिरणारे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथांची मोठी तसबीर, आणि सगळ्या टेबलांवर माणसं वाद घालताहेत. ही जागा म्हणजे १८७६ सालचा आल्बर्ट हॉल. कॉफी बोर्डानं १९४२ मध्ये इथे कॉफी द्यायला सुरुवात केली आणि १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था ती चालवते. पांढऱ्या कपड्यातले, पागोटं घातलेले वाढपी कुणालाही 'उठा' म्हणत नाहीत. एका कॉफीवर दोन तास बसलेली मंडळी दादांनी नजरेनंच दाखवली. बिनदुधाच्या कॉफीला इथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. नवऱ्यानं चिकन कबिराजी घेतलं, फेटलेल्या अंड्याच्या जाळीत लपेटलेलं कटलेट. आम्ही दोघींनी व्हेज पकोडे.

इथे दादांनी ठाकूरवाडीचा, म्हणजे रवींद्रनाथांच्या वाड्याचा, विषय काढला. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. नोकरीची वर्षं मुंबई इलाख्यात गेली, मराठी शिकले, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. विलायतेला जाण्यापूर्वी १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत प्रार्थना समाजाच्या डॉक्टर आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहिले. त्यांच्या कन्येनं, अन्नपूर्णेनं, त्यांना इंग्रजी रीतिरिवाज शिकवले आणि त्यांनी तिला 'नलिनी' हे नाव दिलं. सासूबाई दर आषाढीला हरिपाठ-गाथा घेऊन बसणाऱ्या. तुकोबा बंगालीत कसे वाटतात, असं त्यांनी विचारलं. दादांनी खांदे उडवले नाहीत, टाळलं नाही. एका अभंगाचा अर्थ त्यांच्याकडून ऐकून घेतला आणि तिथल्या तिथे बंगालीत सांगून दाखवला.

तिसरी संध्याकाळ : लालदिघी आणि गंगा

चारला मल्लिक घाटाचा फुलबाजार. दादरच्या फुलबाजारात वाढलेल्या माणसाला गर्दीचं नवल वाटत नाही, पण झेंडूच्या माळांची इथली जाडी बघून वाटलं. मनगटाएवढ्या माळांची भेंडोळी डोक्यावरून वाहून नेतात. कालीसाठी लाल जास्वंदाच्या माळा, तऱ्हेतऱ्हेची रजनीगंधा, आणि पायाखाली चिखल. गुडघे दुखणाऱ्यांनी कडेनंच बघावं.

बाजाराच्या डोक्यावरच हावडा ब्रिज. नदीत एकही खांब नाही, मधला गाळा साधारण ४५७ मीटरचा. नट-बोल्ट नाहीत, सगळे सांधे रिबेटांचे. साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्यातलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा जपानी बॉम्बच्या भीतीनं समारंभसुद्धा केला नाही. इतक्या दणकट पुलाला त्रास झाला तो पानाच्या पिचकाऱ्यांचा. टांगत्या खांबांच्या तळाचं लोखंड खायला लागलं, शेवटी त्यांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली.

मग लालदिघीचा चौक. रायटर्स बिल्डिंग या जुन्या सचिवालयासमोर दादांनी ८ डिसेंबर १९३० ची हकिकत सांगितली. बिनय, बादल आणि दिनेश साहेबी कपड्यांत आत शिरले आणि तुरुंग खात्याचा प्रमुख सिम्पसन याला गोळ्या घातल्या. चौकाचं आताचं नाव या तिघांचंच. कार्यालयं सुटली की इथला गजबजाट ओसरतो आणि इमारती दिसायला लागतात. शहरातल्या नागरिकांनी वर्गणी काढून अलीकडे बऱ्याच जुन्या इमारतींवर दिवे बसवले आहेत. काम छान झालंय. भडक रंग नाहीत, उजेड खांबांच्या आणि नक्षीच्या कडेकडेनं वर जातो. ज्या कमानींखालून दिवसा माणूस मान खाली घालून जातो, त्या रात्री मान वर करायला लावतात.

जनरल पोस्ट ऑफिसच्या पांढऱ्या घुमटासमोर या वेळी बोलायची पाळी माझी होती. इमारत १८६८ ची. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते, बदली होऊन ते आधी कोलकात्याला आणि मग श्रीरामपूरला आले, आणि इथूनच आनंदीबाई अमेरिकेला गेल्या. दादांना बंगालच्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी कादंबिनी गांगुली पाठ होत्या, आनंदीबाई फक्त नावानं माहीत. मी सांगत गेले. श्रीरामपूरच्या कॉलेजात १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी इंग्रजीत भाषण करून आपण का जातोय हे लोकांना सांगितलं. एप्रिलमध्ये, नुकतं अठरावं पुरं झालेलं असताना, नवऱ्याला मागे ठेवून त्या कोलकात्याहून बोटीत बसल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. दादांनी डायरी काढली आणि शब्दांची स्पेलिंग तपासावी तशी एकेक तारीख पुन्हा विचारून घेतली.

फेअरली घाटावरून हावड्याला जाणारी लाँच पकडली. दिलेल्या शब्दाप्रमाणे सासूबाईंना बसायला जागा मिळाली, दादांनीच कुणालातरी विनंती केली. लाँच नोकरीवरून घरी निघालेल्या माणसांनी भरलेली. पिशव्यांतून कोबी, फुलं, पावाच्या लाद्या. समोर दिव्यांनी उजळलेला पूल जवळ येत होता. याच पाण्यातून आनंदीबाईंची बोट खाली समुद्राकडे गेली असणार. सासूबाई कठड्याला हात टेकून दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेला बघत राहिल्या. "अठरा वर्षांची पोर," एवढंच म्हणाल्या.

परतीला मेट्रो. भारतातली पहिली मेट्रो कोलकात्याचीच, १९८४ ची. नदीखालून जाणारा हा टप्पा २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाला. हावड्याचं स्टेशन जमिनीखाली तीस मीटरहून खोल, त्यामुळे सरकत्या जिन्यांवर बराच वेळ जातो, पण लिफ्ट आहे. नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा. तेवढ्या भागात बाहेर निळे दिवे लावलेत, म्हणजे वर पाणी आहे हे कळतं. मिनिटभराच्या आत संपतं. डब्यातली लहान मुलं काचेला नाक लावून उभी होती. एस्प्लनेडला उतरलो तर वर रस्त्यावर नऊच्या आत सगळं सुरळीत चालू. रोलवाल्याच्या तव्यावर पराठे, ट्रामच्या तारांखाली बसची रांग.

दादांचा हिशेब तिथेच चुकता केला. त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त घ्यायला नकार दिला, तेव्हा सासूबाईंनी घरून आणलेला तिळाच्या लाडवांचा डबा त्यांच्या हातात ठेवला. संक्रांत होऊन चार दिवसच झाले होते. त्यांच्याकडेही त्या दिवशी पिठे-पुली करतात, मग कशात काय सारण घालतात यावर दोघांचं बोलणं फुटपाथवरच सुरू झालं. निघताना सासूबाईंनी विचारलं, ते तुकोबा बंगालीत नेणाऱ्या सत्येंद्रनाथांचं घर बघता येतं का? जोडासांकोची ठाकूरवाडी संध्याकाळी बंद असते, दादा म्हणाले. सकाळी साडेदहानंतर जा, सोमवारी बंद, जिने आहेत पण मध्ये मध्ये टेकायला जागा मिळेल. दुसऱ्या दिवशी आमचं विमान संध्याकाळचं होतं. सासूबाईंनी गजर आठचा लावला.